दुरुस्तीची चिठ्ठी

आई गेल्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
सापडली ती चिठ्ठी.
साल अठ्ठ्याहत्तर, टंकयंत्राचं एक अक्षर तुटकं,
खाली सर्जनची घाईतली सही:
मुलीचं हृदय दुरुस्त केलं आहे.

दुरुस्त.
जशी सायकल होते.

त्याआधीची मी म्हणजे
शाळेच्या आवारात धावता धावता
मध्येच उकिडवी बसणारी हिस्के.
गुडघे छातीशी, ओठ शाईचे.
कुणी शिकवलं नव्हतं, अंगालाच ठाऊक होतं
की असं बसलं की श्वास परत येतो.
पोरं म्हणायची, बघा, कोंबडी बसली अंड्यावर.

मग ऑपरेशन. मग गुलाबी ओठ.
अठराव्या वर्षी मुलांच्या डॉक्टरांनी
हात हातात घेऊन निरोप दिला,
पुढे कुणाकडे जायचं ते सांगितलं नाही.
आई म्हणाली, झालं गेलं विसर.
मी आज्ञाधारक.
तेहतीस वर्षं विसरले.

डाउवेशी लग्न, दोन बाळंतपणं, साठ गाई.
कालवा गोठला की बर्फावर सगळ्यांच्या मागे मी.
वय झालं, म्हणायचे. चीज जास्त खाते, म्हणायचे.

फेब्रुवारीत, पहाटेच्या धारेला,
छातीत कुणीतरी कळप सोडला.
फाटक उघडं, खूर सगळीकडे,
आणि मग काहीच नाही.
शुद्धीवर आले तेव्हा यांतिये अडतीस
माझा कान चाटत होती.

ग्रोनिंगेनला तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
तुम्ही दरवर्षी यायला हवं होतं.
मी म्हटलं, पण मी दुरुस्त आहे.
त्यांनी लिफाफ्याच्या पाठीवर चित्र काढलं:
वाट रुंद करताना ही झडप कापावी लागली,
तेव्हापासून ती गळते,
पुढे गेलेलं रक्त अर्धं मागे येतं,
उजवा कप्पा ताणत ताणत एवढा झालाय.

पुढचं मला सांगावं लागलं नाही.
आमची जमीन समुद्राच्या खाली.
सासरे पाण्याच्या दारावर राखणीला होते.
दार गळकं असलं तर पंप रात्रभर चालतो,
तक्रार करत नाही,
आणि एका रात्री जळतो.

नवी झडप गाईची.
गाईच्या मानेतल्या शिरेची, मांडीतून वर चढवलेली,
छाती न फोडता.
डाउवे दोन दिवस गप्प.
तिसऱ्या दिवशी वॉर्डात, टोपी हातात धरून,
त्याने विचारलं: कुठल्या जातीची?
डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हतं.
तो नाराज झाला. खरंच नाराज झाला.

मी मात्र विचार करत राहिले त्या ट्रकचा,
जो दर शरदात येतो, मागचं दार पाडतो,
आणि ज्यात मी स्वतः, पाठीवर थोपटत,
कितीजणींना चढवलंय.

आता दाढ काढायच्या आधी गोळी.
ताप आला तर आधी फोन.
वर्षातून एकदा यंत्राच्या बोगद्यात
श्वास रोखून पडणं, रोखा, सोडा, रोखा.
ही झडपही कायमची नाही.
दहा वर्षं, पंधरा, मग बघू.
बरी झाले असं मी आता म्हणत नाही.
विचारलंच कुणी, तर म्हणते, चालू आहे.

परवा बाकावर शेजारी एकोणीस वर्षांचा पोरगा,
मुलांच्या विभागातून पहिल्यांदाच इकडे,
भिंतीवर जिराफ नाहीत म्हणून रुसलेला असावा.
मला काही होत नाही, म्हणाला,
पुढच्या वर्षी येईनसं वाटत नाही.
त्याच्या गळ्यापाशी व्रणाचं टोक दिसत होतं.
उपदेश जमत नाही मला.
विचारलं, लहानपणी उकिडवा बसायचास?
त्याने मान वळवून नीट पाहिलं माझ्याकडे.

गोठ्याच्या कपाटात साठ गाईंच्या साठ वह्या.
लस कधी, वासरू कधी, खूर कधी कापले.
इतकी वर्षं माझी वही नव्हती.
डाउवेने एक आणलीय.
वर त्याच्या जाड अक्षरात लिहिलंय
हिस्के, आणि खाली, जात: माहीत नाही.